पिकलेली बोट

माझा समुद्राशी संबंध म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, आणि तीत नाकाशी धरलेलं लिंबू. अशा माणसानं कॅलिफोर्नियात, अलमीडाच्या धक्क्यावर, शिडाची बोट घ्यायची ठरवली. दोष कोणाचा, यावर घरात अजून एकमत नाही.

अट साधी होती. बोट शनिवार-रविवारी निवांत फिरायला चालावी आणि शुक्रवारी संध्याकाळी शर्यतीतही पळावी. म्हणजे आईला पंढरपूरला नेणारी आणि शंकरपटात जिंकणारी बैलजोडी एकच हवी.

दोन बोटी समोर आल्या. कॅटॅलिना 30 आणि जे/30. दोन्ही चाळिशीला आलेल्या, दोन्ही तीस फुटांना जेमतेम टेकलेल्या, दोन्हींची किंमत जुन्या टोयोटाएवढी. बाकी साम्य संपलं. कॅटॅलिना म्हणजे वाड्यातली थोरली काकू: वजन सुमारे 4,600 किलो, ऐसपैस टेबल, शेगडी, आत सहा फुटी माणूस ताठ उभा राहील एवढी जागा. अशा सहा हजारांच्या वर बनल्या, त्यामुळे प्रत्येक धक्क्यावर एखादी काकू असतेच. जे/30 ही 1979 पासूनची, रॉड जॉनस्टन यांची. या गृहस्थांनी आपली पहिली गाजलेली बोट घरच्या गॅरेजमध्ये बांधली होती. जे/30चं वजन सुमारे 3,200 किलो. एवढी हलकी कशी? फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेलं. हा बाल्सा लक्षात असू द्या.

शर्यतीचं गणित मी बायकोला समजावून सांगितलं. प्रत्येक बोटीला एक आकडा असतो, मैलामागे तितके सेकंद सूट. जे/30ला साधारण 140, कॅटॅलिनाला 180च्या वर. दहा मैलांची शर्यत असेल, तर जवळपास सात मिनिटं मागे राहूनही कॅटॅलिना बरोबरीत.

“म्हणजे मागाहून पोचूनही जिंकता येतं?”

“तत्त्वतः, हो.”

“मग काकूच घे. मागाहून पोचायचा सराव आहे तुला.”

पण मला जे/30 हवी होती. उन्हाळ्यात इथे दुपारी आतला खोऱ्याचा प्रदेश तापतो आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून आत घुसते, वीस-पंचवीस नॉटनं. अशा दुपारी मालक आम्हाला फेरी मारायला घेऊन गेला. बोट अशी कलली की बायकोचा पोह्यांचा डबा या बाजूच्या बाकावरून त्या बाजूच्या भिंतीवर गेला आणि पोहे तिथेच चिकटून राहिले. (फोडणी चांगली होती.) तेवढ्यात मालक ओरडला, “शीट! शीट!” मी जिवाच्या आकांतानं शीड धरलं. या लोकांत शीट म्हणजे शिडाची दोरी, आणि ती सोडायची होती, हे मला पाण्यात निम्मा बुडालेला असताना कळलं. पण त्या दहा मिनिटांत बोट जी सुसाट सुटली! मी तिथेच हो म्हणणार होतो. “बाथरूम कुठंय?” एवढंच बायको विचारत होती, हाताला लागलेलं खोबरं झटकत.

मग तपासनीस आला. बोटी दोन्ही, तपासनीस एक, बिलं मात्र दोन. जे/30 पट्ट्यांच्या झोळीत घालून पाण्याबाहेर उचलली आणि हा प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीनं डेकवर ठोकत निघाला. टक. टक. टक. मी आईला व्हिडिओवर दाखवत होतो. तिकडे अलिबागला रात्रीचे साडेदहा. टक. टक. डोलकाठीच्या बुडाशी आल्यावर आवाज बदलला. डब. डब. डब.

आईचा चेहरा उजळला. “अरे, पिकलाय! उद्याच फोडा.”

कोकणात जन्म काढलेल्या बाईला फणसाचा आवाज सांगावा लागत नाही. तपासनिसानं ओल मोजायचं यंत्र टेकवलं आणि तीन पानी अहवालात तेच लिहिलं. आधीच्या कुठल्याशा मालकानं हौसेनं डेकला भोकं पाडून कड्या बसवल्या होत्या, भोकं नीट बुजवली नव्हती. वर्षानुवर्षं पाणी मुरून आतल्या बाल्साचा गर झाला होता. दुरुस्तीचा अंदाज बोटीच्या किमतीपेक्षा जास्त.

कॅटॅलिनाही निर्दोष नव्हती. बोटीच्या पोटाला खालची वजनदार कील जिथे जोडलेली असते, तिथे पुढच्या बाजूला एक वाकडी भेग. हिला इथले लोक हसू म्हणतात. बोल्ट आवळायचे, भेग भरायची, झालं. बायकोनं वाकून पाहिलं.

“निदान ही हसतेय तरी,” म्हणाली. बोट ठरली.

पहिल्या शुक्रवारी आम्ही खाडीतल्या शर्यतीत उतरलो. वारा पडला. सगळ्या बोटी पुढे गेल्या, मग अंधारही पुढे गेला. बायकोनं आत ताठ उभी राहून आल्याचा चहा केला. मागून उजेड दिसला तेव्हा मी आनंदानं उठलो: कोणीतरी आमच्याही मागे आहे!

सॅन फ्रान्सिस्कोहून येणारी फेरीबोट होती. खिडकीतून एका लहान मुलीनं हात केला. तिच्या शेजारचे गृहस्थ मान मागे टाकून शांत झोपले होते. लाट आली, आमची काकू डुलली, आणि बायकोनं न बोलता लिंबू पुढे केलं.