कर्बोदके बंद केली की मधुमेह बरा होतो का?

कर्बोदके पूर्ण बंद केली की आठवड्याभरात चरबी वितळते, मधुमेह मुळापासून बरा होतो, गोळ्या व इन्सुलिन सोडता येतात आणि स्निग्ध पदार्थ कितीही खाल्ले तरी हृदयाला बाधत नाहीत, असा एक संदेश सध्या सर्वत्र फिरत आहे. त्यात तथ्यांश आहे, म्हणूनच त्यातल्या चुका दाखवणे अधिक निकडीचे वाटते.

आधी वजनाविषयी. यकृत व स्नायूंत मिळून अर्ध्या किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके थांबताच हा साठा खर्ची पडतो व ते पाणी बाहेर जाते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी घट बहुतांशी हीच असते. पुढे चरबीही घटते, परंतु स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ६०९ जणांच्या चाचणीत वर्षाअखेरीस कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन सरासरी ६ किलोने, तर कमी स्निग्धांशाच्या गटाचे ५.३ किलोने उतरले होते. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही.

मधुमेह मुळापासून बरा होतो, हा दावाही तपासून पाहावा. कर्बोदके कमी केल्याने टाइप २ मधुमेहात रक्तातील साखर उतरते, याविषयी वाद नाही. मात्र २३ चाचण्यांच्या २०२१ मधील एका एकत्रित विश्लेषणात सहा महिन्यांना दिसलेला लाभ वर्षभरात बराच ओसरलेला आढळला. शिवाय ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरींच्या ज्या द्रव आहाराने पहिल्या वर्षी ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात आला, त्या आहारातील निम्म्याहून अधिक ऊर्जा कर्बोदकांतूनच येत होती. निर्णायक ठरले ते उतरलेले वजन. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, त्यामुळे ‘मुळापासून’ हा शब्द येथे टिकत नाही.

सर्वांत चिंताजनक सल्ला औषधांचा आहे. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवणे जिवावर बेतते. टाइप २ मध्ये इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी पूर्वीच्याच मात्रेत घेत एकाएकी कर्बोदके तोडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोका तर चटकन लक्षातही येत नाही: मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही कीटोॲसिडोसिसची (रक्तात कीटोन नावाची आम्ले धोकादायक प्रमाणात साठण्याची) लक्षणे दिसत असताना ग्लुकोमीटर २५० मिग्रॅ/डेसिलिटरपेक्षा कमी आकडा दाखवू शकतो आणि घरचे लोक निर्धास्त राहतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या गोळ्यांमुळे होणाऱ्या कीटोॲसिडोसिसबाबत २०१५ सालीच इशारा दिला होता. म्हणून मात्रा बदलायची ती आहार बदलण्यापूर्वी, डॉक्टरांशी बोलून; गर्भवतींनी व मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर त्यांना विचारल्याविना असा आहार सुरूच करू नये.

राहिला हृदयाचा मुद्दा. अशा आहाराने रक्तातील ट्रायग्लिसराइड हे मेद सहसा घटतात, ही जमेची बाजू. परंतु काहींचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, लक्षणीय वाढते आणि कोणाचे वाढेल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे आहार बदलण्यापूर्वी एकदा व दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड तपासणी (रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइडची चाचणी) करावी. एलडीएल चढलेले दिसल्यास लोणी व चरबीयुक्त मांसाच्या जागी सुकामेवा, तेलबिया व वनस्पती तेले घ्यावीत.