लांब आहे ना, म्हणे!

यापुढे मला कुणी 'अगं, इतक्या लांब राहता, महाग असणारच' असं सांगितलं ना, तर मी सरळ फोन आपटणार आहे. दूध सात डॉलरला गॅलन का? लांब आहे ना. बोट रद्द का? लांब आहे ना. घर का मिळत नाही? तेही लांब आहे म्हणूनच! या तीन शब्दांवर या गावात काय काय खपवलं जातं ते ऐकून कान किटलेत.

सिटका. अलास्काच्या त्या खाली लोंबणाऱ्या आग्नेय पट्ट्यात, बारानोफ बेटाच्या समुद्राकडच्या अंगाला, साडेआठ हजार वस्तीचं गाव. 1867 मध्ये रशियाने 72 लाख डॉलरना अख्खा अलास्का अमेरिकेला विकला, तेव्हा झेंडा बदलला तो याच गावातल्या टेकडीवर. तेव्हा हे राजधानीचं गाव होतं. आज सिएटलहून थेट विमानाने सव्वादोन तास लागतात. मुंबईहून दिल्लीलाही जवळपास तेवढेच लागतात, म्हणून दिल्लीत कुणी कुजकी कोथिंबीर तीन डॉलरला घेत नाही.

कोथिंबिरीचं सांगतेच. आठवड्याचा बार्ज, म्हणजे माल आणणारा सपाट पडाव, लागला की दुसऱ्या दिवशी दुकानात जायचं, हे इथे आल्यावर पहिलं शिकले. जुडी हातात घेतली की रबरबँडच्या वरचा भाग हिरवागार, बघून जीव खूश. रबरबँड काढला की आतल्या काड्या काळ्या, बुळबुळीत, हाताला वास. धुऊन-निवडून चिमूटभर उरते. तेवढी एका बशी पोह्यांवरसुद्धा पुरत नाही. समुद्र खवळला आणि बार्ज अडकला की तीही नाही. मग ब्रेडच्या फळीवर नुसती किमतीची लेबलं, आणि त्या लेबलांकडे बघत उभे आम्ही.

बरं, हा बार्ज एवढा महाग का पडतो? अंतर आहेच, नाही कोण म्हणतंय. पण 1920 चा एक कायदा आहे, जोन्स अ‍ॅक्ट. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकन मालकीचं आणि अमेरिकन खलाशांचंच हवं. अशी जहाजं बांधायला खर्च भरमसाट, म्हणून ती थोडी, आणि थोडी म्हणून भाडं चढं. समर्थक सांगतात, देशाच्या सुरक्षेसाठी हे लागतं. असेल बाई. माझे कांदे-बटाटे परदेशी जहाजातून आले तर देशाची सुरक्षा कशी धोक्यात येते ते मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. कारण त्याच बंदरातून त्याच समुद्रात उन्हाळाभर जी पर्यटकांची धूड जहाजं येतात, त्यांच्या शेपटीवर झेंडा बहामाचा! माणसं नेणाऱ्या जहाजांनाही 1886 पासून तसाच कायदा आहे, पण वाटेत कॅनडाच्या एका बंदराला पाय लावला की तो सुटतो. म्हणजे पर्यटकाला पळवाट आहे, दुधाला नाही.

ऑनलाइन मागवा म्हणतात सगळे. न्यूजर्सीच्या वहिनी तर दर फोनला. त्यांच्याकडे घरापासून दहा मिनिटांवर पटेल ब्रदर्सचं भारतीय वाणसामानाचं दुकान, त्यांना काय कळणार! वेबसाइटवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'अमेरिकेत कुठेही मोफत पोच'. तासभर घालवून सामान निवडायचं, पत्ता भरायचा, पिनकोड 99835 टाकला की लाल पट्टी: या ठिकाणी आम्ही माल पाठवत नाही. अलास्का अमेरिकेत नाही का? एका गादीवाल्यांना फोन केला तर पलीकडचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही देशाच्या खान्यात कॅनडा निवडून बघा ना." दुसऱ्यांनी पाठवायची तयारी दाखवली, पण वाहतुकीचा आकडा गादीच्या किमतीच्या वर. नाकापेक्षा मोती जड! एक पोस्टखातं तेवढं माणसात आहे. त्यांचा तो ठरावीक दराचा खोका, त्यात 70 पौंडांपर्यंत काय वाट्टेल ते कोंबा, दर देशभर एकच. सिएटलची मैत्रीण त्यात तूरडाळ, गूळ, गोडा मसाला ठासून पाठवते, म्हणून आमच्या घरात आमटी शिजते. यावरून अंतराचं काय ते ठरवा. ठरवलं तर एका दरात माल येऊ शकतो, आणि तोही सरकारी खात्याकडून.

आता मासे. मी रत्नागिरीची. मिरकरवाड्याला लिलाव चालू असताना कोळणींशी घासाघीस करत वाढलेली. वाटलं, काही नाही तरी मासळीची चैन असेल. सॅमन, हॅलिबट, खेकडे, सगळं समोरच्या पाण्यात. आणि सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये काय? चीनहून आलेला तिलापिया! हॅलिबटचा तुकडा मिळतो, नाही असं नाही, पण भाव पर्यटकांचा. पकडलेला माल इथल्या कारखान्यांत साफ होतो, गोठतो आणि बाहेर जातो. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यासमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. मेण लावलेले पांढरे पुठ्ठ्याचे खोके, त्यांवर चिकटपट्टीचे चार वेढे, मार्करने मालकाचं आडनाव, एकामागून एक चाललेत टेक्सासला, कॅलिफोर्नियाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

स्वतः गळ टाका म्हणाल. टाकते की! पण पहिले बारा महिने तुम्ही इथले रहिवासीच नाही. भाडं भरा, कर भरा, बर्फ उपसा, मासेमारीच्या परवान्यापुरते तुम्ही पाहुणे. रहिवाशाला वर्षाचा परवाना 20 डॉलर, बाहेरच्याला 100. ते वर्ष सरेपर्यंत आमच्या ताटात जो मासा आला तो शेजाऱ्यांच्या कृपेने. धुरावलेल्या सॅमनच्या बरण्या लोक न मागता दारात ठेवून जातात. माणसं सोन्यासारखी आहेत, माझा राग त्यांच्यावर नाही. मूळचे ट्लिंगिट लोक तर माझ्या कैक पिढ्या आधीपासून हेच गाऱ्हाणं घालताहेत. वसंतात हेरिंग मासळी किनाऱ्याला अंडी घालायला येते तेव्हा पाणी दुधासारखं पांढरं होतं. हे लोक हेमलॉक झाडाच्या फांद्या पाण्यात सोडून त्यांवर बसलेली अंडी गोळा करतात, वाटून खातात. दुसरीकडे मोठ्या होड्या जाळं टाकून गाभोळीसकट हेरिंग उचलतात आणि ती गाभोळी जाते जपानला. त्यावरून त्यांच्या संस्थेने राज्य सरकारवर खटला भरला. त्यांच्यापुढे माझ्या हॅलिबटच्या तुकड्याचं काय ते दुखणं!

पण घर! घराबद्दल मी गप्प बसणार नाही.

घरमालकीणबाई स्वभावाने गोड. चावी देतानाच म्हणाल्या, "मेच्या पहिल्या तारखेपर्यंत तुमचंच घर समजा हं." मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. नंतर करार वाचला. सप्टेंबर ते एप्रिल भाडेकरू, मे ते ऑगस्ट पर्यटक. महिनाभर आम्ही जे दोन हजार मोजतो ते त्या उन्हाळ्यात आठवड्या-दीड आठवड्यात काढतात. मग भर हंगामात आम्ही कुठे जायचं? कुणाच्या तळघरात, कुणाच्या बोटीवर, कुणी गावाला गेलं असेल तर त्यांची मांजरं सांभाळत त्यांच्या घरात. हे फक्त माझं नाही. शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्सा, दुकानात माल लावणारी मुलं, सगळ्यांची एप्रिलमध्ये हीच पळापळ. आमच्या लॅबमध्ये एका जागेसाठी माणूस निवडला, त्याने हो म्हटलं, घर शोधायला लागला आणि महिन्याभराने नाही म्हणून कळवलं. नंतर मीटिंगमध्ये साहेब म्हणतात, "लांबच्या गावात माणसं येत नाहीत." अहो, येत होता की तो! त्याला झोपायला जागा नव्हती.

जमीन नाही, हे दुसरं पालुपद. पुढे समुद्र, मागे डोंगर, आणि आजूबाजूचं रान टोंगास राष्ट्रीय वनाचं, त्यात कुदळ मारता येत नाही. गावातला रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 14 मैल, की संपला. पुढे अस्वलं. डोंगरउतारावर बांधावं तर 18 ऑगस्ट 2015 ची दरड इथे कुणी विसरलेलं नाही. मुसळधार पावसात उतार खाली आला आणि तीन माणसं गेली. तेव्हापासून नकाशावर जिथे धोक्याचा रंग आहे तिथे कर्ज आणि विमा दोन्हींचा घोळ. हे सगळं मला मान्य. पण जी घरं ऑलरेडी उभी आहेत त्यांचं काय? हिवाळ्यात संध्याकाळी चारला अंधार पडल्यावर किनाऱ्याच्या रस्त्याने चक्कर मारा आणि कुठल्या घरात दिवा लागतो ते बघा. ओळीने काळोख. मालक अ‍ॅरिझोनात ऊन खाताहेत. ही टंचाई डोंगराने केली का?

आणि उन्हाळ्यात तेच गाव ओळखू येत नाही. साडेआठ हजारांच्या वस्तीत एका हंगामात पाच लाखांहून जास्त लोक जहाजांतून उतरतात. गर्दीच्या दिवशी लिंकन स्ट्रीट गाड्यांना बंद, रशियन चर्चसमोर फोटोवाल्यांची जत्रा. बँकेत चेक भरायला गेले तर मलाच एका बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या जहाजाच्या?" विक्रीकरही उन्हाळ्यात पाचाचा सहा टक्के होतो, पाहुण्यांच्या खिशातून काढायला. मग आम्ही काय उन्हाळ्यात उपाशी राहतो की काय? आम्हालाही तोच लागतो. जहाजप्रवाशांवर वर्षाला तीन लाखांची मर्यादा घालावी का, यावर 28 मे 2025 ला मतदान झालं आणि गावाने ते मोठ्या फरकाने फेटाळलं. मला मताचा अधिकार नाही, पण असता तरी मी हो म्हटलं असतं का, सांगता येत नाही. निम्म्या ओळखीच्यांच्या घरचा चरितार्थ त्यावर आहे. पैसा येऊ दे ना बापडा. त्यातला थोडा भिंती आणि छप्पर होऊन गावात राहिला तर कुणाचं काय जातं?

बाहेर पडावं तर विमान किंवा बोट. विमान धुक्यात घिरट्या घालतं, उतरत नाही, डोक्यावरून जुनो नाहीतर केचिकानला निघून जातं. तिथल्या हॉटेलचं बिल आपल्या माथी, हवामानाला कोण काय करणार! सरकारी फेरीचं तर नाव काढू नका. 2019 मध्ये राज्याने तिचे पैसे छाटले, बोटी जुन्या, खलाशी अपुरे. त्यात सिटका मुख्य मार्गाच्या बाहेर आणि वाटेत सर्जियस नॅरोज नावाची चिंचोळी खाडी. भरती-ओहोटीचा जोर थांबेल त्या घडीलाच बोट त्यातून निघू शकते, म्हणून सुटायची वेळ रात्री दोन, पहाटे पाच, वाट्टेल ती. पण भरती-ओहोटी 1963 मध्ये फेरी सुरू झाली तेव्हाही होती हो. तेव्हाही लोक येत-जात होतेच.

2024 च्या ऑगस्टअखेरीस समुद्राखालची इंटरनेटची केबल तुटली. एकच केबल! दोनेक आठवडे गाव बंद. दुकानात कार्ड चालेना, रोख द्या म्हणे. रोख आणायची कुठून, एटीएम मुके. गावात कुणाच्या छपरावर सॅटेलाइटची थाळी आहे त्याच्या अंगणात लोक फोन हातात घेऊन भिजत उभे. दुसरी केबल का नाही, असं विचारलं तर उत्तर काय मिळालं असेल ते तुम्हीच ओळखा.

यावर कुणीतरी हटकून म्हणतं, 'पण तुम्हाला तेलाचे पैसे मिळतात ना दरवर्षी?' मिळतात हो, इथल्यांना. तेलाच्या उत्पन्नातून राज्य दरवर्षी रहिवाशांना लाभांश वाटतं, ते हे. आम्ही कामाच्या व्हिसावर, आम्हाला छदाम नाही. आणि ज्यांना मिळतात त्यांचं तरी काय? 1982 मध्ये पहिला लाभांश वाटला तो माणशी 1000 डॉलर. 2025 मध्ये किती? 1000 डॉलर. मधल्या वर्षांत कमी-जास्त झाला, 2022 मध्ये तीन हजारांच्या वर गेला, आणि फिरून तिथेच आला. दुधाला म्हणावं, तूही 1982 च्या भावावर ये.

'पण निसर्ग किती सुंदर!' वहिनी, निसर्ग सुंदरच आहे. खिडकीतून ज्वालामुखी दिसतो, पाऊस थांबला तर. त्याचं भाडं भरूनच बघतेय मी.

असो. सिटकात बारा महिन्यांच्या करारावर कुणाकडे दोन खोल्या असतील तर कृपा करून कळवा. तळघर चालेल, ओल चालेल, कपडे वाळत नाहीत याची कोकणात सवय झालेली आहे. मांजरं असली तर तीही सांभाळू. फक्त मेमध्ये बाहेर काढू नका.