एफपीएस किती पाहिजेत? तेवढे काढून देतो!

जुना पीसी विकायचाय आणि घेणारा बारावीचा पोरगा आहे? मग तुमचं निम्मं काम झालं. त्याला बोर्ड कळत नाही, रॅमचे चॅनेल कळत नाहीत, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) हा शब्द त्यानं ऐकलेला असतो एवढंच. त्याला कळतो तो आकडा. "जीटीएला एफपीएस किती?", म्हणजे जीटीए गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) पडद्यावर येतात, हा त्याचा पहिला प्रश्न आणि शेवटचाही. तेव्हा आकडा कसा काढायचा तेवढं नीट शिकून घ्या.

ही विद्या किती कामाची आहे ते परवाच दिसलं. कोल्हापुरातल्याच एका ग्रुपवर "जगात भारी गेमिंग पीसी, जीटीए फुल अल्ट्रा १२० एफपीएस, नाद खुळा" अशा जाहिरातीवर विकलेलं मशीन तपासायला आमच्या टेबलावर आलं. उघडलं तर आत आय५-२४०० प्रोसेसर, एच६१ चा बोर्ड, आठ जीबीची एकुलती एक रॅम आणि वर चकचकीत आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर २०११ चा, ५८० आलं २०१७ ला. गेममध्ये शहरात शिरलं की आकडा चाळिशीत आणि दर चौकात उचकी. विकणाऱ्याला फोन लावला तर उत्तर तयारच: "आमच्याकडं तर १२० येत होते."

येत असतील. नक्की येत असतील. कसे येतात ते आता बघू.

सगळ्यात आधी जागा निवडा. जीटीए ५ मध्ये भर शहरात, ट्रॅफिकमध्ये मोजायला जाऊ नका. तिथली प्रत्येक गाडी, प्रत्येक पादचारी, प्रत्येक धडक यांचा हिशेब प्रोसेसर करतो, आणि चार कोर, चार थ्रेडवाल्या (म्हणजे एका वेळी चारच कामं ओढणाऱ्या) २४०० ची तिथंच दमछाक होते. त्यापेक्षा वर वाळवंटात जा, चिटपाखरू नसेल अशा रस्त्यावर उभे राहा, कॅमेरा आभाळाकडं करा आणि स्क्रीनशॉट मारा. निळं आभाळ काढायला कार्डाला कष्ट नाहीत आणि प्रोसेसरलाही कुणाची चौकशी करायची नाही. 'पॉप्युलेशन डेन्सिटी'ची पट्टी शून्यावर ओढा. ती असते ग्राफिक्सच्या पानावर, पण भार टाकते प्रोसेसरवर, हे पोराला कुठलं ठाऊक? टेक्स्चर (भिंती, रस्ते यांच्यावर चिकटवलेली चित्रं) मात्र 'व्हेरी हाय'वरच ठेवा. जाहिरातीत "फुल अल्ट्रा" लिहायला तेवढं पुरतं.

गेममध्येच दिलेला बेंचमार्क (वेग मोजायची चाचणी) चुकूनही चालवू नका. तो दर वेळी तीच दृश्यं त्याच क्रमानं पळवतो आणि वर निकालाची फाइल लिहून ठेवतो. पुरावा कशाला मागं ठेवायचा?

सहा वेळा मोजा, सगळ्यात मोठा आकडा ठेवा, बाकीचे विसरून जा.

मग सरासरी. सरासरीसारखी सोय दुसरी नाही. समजा १०० फ्रेम आल्या. त्यातल्या ९९ प्रत्येकी १० मिलिसेकंदात आल्या आणि एक २०० मिलिसेकंद अडकून बसली. सगळे मिळून १,१९० मिलिसेकंद, म्हणजे सरासरी ८४ एफपीएस. छापा ८४! दर सव्वा सेकंदाला चित्र गोठतंय, समोरचा माणूस दिसायच्या आधीच गोळी बसतेय, याचा सरासरीत मागमूस नाही. तो लागतो 'वन पर्सेंट लो', म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा आकडा, बघितल्यावर. म्हणून हे मोजणारी कॅपफ्रेमएक्स असली फुकट मिळणारी भानगड मशीनमध्ये घालूच नका. फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख तर कुणाला दाखवूच नका. एकदा ती दातेरी रेघ बघितली की पोरगा घरी जाऊन विचार करायला लागतो.

ज्या गेममध्ये एफएसआर (लहान चित्र काढून ते ताणून मोठं दाखवायची सोय) आहे तिथं ते 'परफॉर्मन्स'वर टाका आणि जाहिरातीत बिनधास्त "१०८०पी" लिहा. आतून चित्र ९६० बाय ५४० चं काढलं जातंय हे कोण विचारतंय? यात एकच अडचण. प्रोसेसरच थकलेला असेल तर एफएसआर लावूनही आकडा हलत नाही, कारण हलका होतो तो कार्डाचा भार. तसं झालंच तर लॉसलेस स्केलिंग नावाचं सॉफ्टवेअर लावा. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घुसडतं आणि ४५ चे ९० होतात. माउस हलवल्यावर हात आणि चित्र यांची चुकामूक होते, पण फोटोत माउस हलत नाही.

आता खरी किल्ली. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरच्या ओव्हरलेमध्ये (खेळताना कोपऱ्यात दिसणाऱ्या आकड्यांत) एफपीएस तेवढे ठेवा आणि जीपीयू युसेजची, म्हणजे कार्ड किती टक्के राबतंय त्याची, ओळ काढून टाका. ही ओळ सगळी लबाडी उघडी पाडते. एफपीएसवर कॅप (ठरवून दिलेली मर्यादा) किंवा व्ही-सिंक (मॉनिटरच्या वेगाला बांधणं) लावलेलं नसताना कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर ते पूर्ण राबतंय. तेच ५० टक्क्यांवर लोळत असेल तर त्याला काम पोचतच नाहीये. गुऱ्हाळात काहील आणली मोठी, चुलवण पेटवलं जोरात, आणि रस काढायला चरक ठेवला लहान, तर काहिलीत पडणार काय? इथंही तसंच. पुढच्या फ्रेममध्ये काय काय काढायचं याची यादी प्रोसेसर बनवून देतो, मग कार्ड ती काढतं. अशा याद्या सेकंदाला ४५ निघत असतील तर कार्ड कितीही तगडं असू दे, फ्रेम ४५ च निघणार.

हे सांगितलं की शहाणे टास्क मॅनेजर उघडून दाखवतात. "सीपीयू (प्रोसेसर) ७० टक्केच आहे की, बॉटलनेक (अडवणारा भाग) कुठं?" अहो, तो चार कोरांचा मिळून आकडा आहे! गेमचा मुख्य थ्रेड एकच असतो. तो एका वेळी एकाच कोरवर पळतो आणि विंडोज त्याला या कोरवरून त्या कोरवर हलवत राहतं, म्हणून आलेखात एकही कोर १०० ला टेकलेला दिसत नाही. थ्रेड मात्र छाती फुटेस्तोवर पळत असतो. सीपीयूचा टक्का बघून काही कळत नाही, जीपीयूचा बघावा लागतो. किती वेळा सांगायचं? तरीही दर आठवड्याला कुणीतरी कुणाला तरी सल्ला देतोच, "कार्ड बदल भावा, जीफोर्स ३०६० टाक, मख्खन चालेल." पोरगा ५८० मोडीच्या भावात काढतो, पदरचे पैसे घालतो, ३०६० बसवतो, आणि त्याच चौकात तेच ४५. वर डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये जीफोर्सचा ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरवर रेडिऑनपेक्षा (५८० त्याच घराण्यातलं) जास्त बोजा टाकतो, त्यामुळं एखाद्या गेममध्ये पहिल्यापेक्षा कमीच! बॉटलनेक ओळखायला साधी परीक्षा आहे. १०८०पी वर मोजा, मग रिझोल्यूशन ७२०पी करा, तीच जागा, पुन्हा मोजा. आकडा वाढला तर अडवतंय कार्ड. तिथंच राहिला तर अडवतोय प्रोसेसर. चहा सांगून तो येईपर्यंत एवढं होतं. पण नाही, यूट्यूबवर बघितलंय ना, "५८० ला एवढे येतात"! तिथं कार्ड मोजायचं असतं, म्हणून ते मुद्दाम मिळेल तो सगळ्यात जलद प्रोसेसर लावतात, मध्ये दुसरं काही आडवं येऊ नये म्हणून. त्यांनी कार्ड मोजलंय. तू अख्खं मशीन विकतोयस, आणि आकडा त्यांचा लावतोयस.

असो. आवाज चढला. पुढच्या युक्त्या शांतपणे.

रॅम आठ जीबीची एकच स्टिक ठेवा, दुसरा स्लॉट रिकामा. मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर 'सिंगल' लिहिलेलं कुणी वाचत नाही.

मोजायचं ते पावसाळ्यात सकाळी, कॅबिनेटचं दार काढून, मशीन चालू केल्या केल्या. एप्रिलच्या दुपारी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात वीस मिनिटं खेळल्यावर कार्डाचं क्लॉक, म्हणजे वेग, किती उतरतो, ते घेणाऱ्याला पुढच्या उन्हाळ्यात कळेलच.

व्हॅलोरंट गेम चालतो का, असं विचारलं तर विंडोज १० वर चालवून दाखवा. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, त्या या बोर्डावर कुठून आणणार? आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे त्याचं त्यानं वाचावं.

"जुनं कार्ड नको, नवीन पाहिजे" म्हणणारा भेटला तर त्याच एच६१ वर आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड चढवा. २०२२ चं मॉडेल आहे, बिल दाखवता येतं. कार्डाला बोर्डाशी देवाणघेवाण करायला लेन चारच, आणि त्या चार लेन पीसीआयई (बोर्ड आणि कार्डामधला रस्ता) ४.० च्या वेगाच्या भरवशावर दिलेल्या. तुमचा बोर्ड २.० चा. म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी जायचे तिथं २ जीबी. कार्डावर मेमरी चारच जीबी, ती भरली की उरलेली टेक्स्चर याच बोळातून ये-जा करणार. घेणारा जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडेल ही भीती नको. कार्ड रिकामं बसलेलं असताना 'बस इंटरफेस'मध्ये १.१ दिसतं आणि सगळेच गोंधळतात. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवली तरच खरं उमटतं.

एसएमपीएसबद्दल विचारलं तर "४५० वॅट" म्हणा आणि स्टिकर भिंतीकडं करा. त्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या ओळीत १६ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे १९२ वॅट. ५८० ला १८५ लागतात, प्रोसेसरला ९५. बेरीज २८०, म्हणजे १२ व्होल्टवर २३ अँपिअरच्या वर. कार्डाला वीज देणारी आठ पिनची वायर नसेल तर साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) दोन कनेक्टरवरून कन्व्हर्टर मिळतोच बाजारात. साटाचा एक कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरसाठी बनवलेला, ५४ वॅट. दोन मिळून १०८. आठ पिनचं तोंड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. परवाच्या मशीनमध्ये नेमका हाच कन्व्हर्टर होता, आणि त्याचं प्लास्टिक एका बाजूला तपकिरी पडून मऊ झालेलं.

बास. यापुढं सरळच बोलतो.

एफपीएस फुगवून सांगितलेस तर एखाद्याचे पैसे जातील. हा कन्व्हर्टर लावून दिलास तर एखाद्याच्या घरात आग लागेल. ज्यानं हे मशीन घेतलं, त्याचं शाहूपुरीत फ्लॅटमध्ये राहणारं घर आहे, पोरगा रात्री दोन वाजेपर्यंत हेडफोन घालून खेळतो, वायर जळाल्याचा वास यायला कुणी जागं पण नसेल. "आमच्याकडं तर चालत होतं" म्हणायला लाज कशी वाटत नाही?

आणि ते मशीन टाकाऊ होतं असंही नाही, राग त्याचाच जास्त आहे. त्या बोर्डात आय७-२६०० बसतो, बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट असेल तर ३७७० पण. आठ थ्रेड झाले की गर्दीतल्या उचक्या बऱ्याच कमी होतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये तेवढीच रॅम घाल, ड्युअल चॅनेल, म्हणजे रॅमचा रस्ता दुहेरी, होऊ दे. धड एसएमपीएस लाव, ज्याला आठ पिनची स्वतःची वायर आहे. मग रिव्हाट्युनर या सॉफ्टवेअरमध्ये मशीन सतत पेलेल तेवढ्यावर कॅप लाव. ४० ते ८० नाचणाऱ्या आकड्यापेक्षा सरळ चालणारे ५० डोळ्याला बरे लागतात. प्रोसेसर अडवत असेल तर गर्दी आणि दूरचं दिसण्याच्या सेटिंग कमी कर आणि टेक्स्चर वर राहू दे, कारण ती कमी करून तिथं काही मिळत नाही. हे सगळं करून, खरं सांगून विकलं असतंस तर पोरगा तीन गिऱ्हाईकं घेऊन आला असता.

आकडा द्यायचाच असेल तर मशीन पंधरा मिनिटं तापव. पहिला रन सोडून दे, त्यात शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम) बनत असतात. नंतरचे तीन, तोच रस्ता, तेच सेटिंग. सरासरी आणि वन पर्सेंट लो दोन्ही लिही, शेजारी जीपीयू युसेज, रिझोल्यूशन, एफएसआर चालू का बंद, रॅम एक का दोन. शहरात मोज, वाळवंटात नको. व्हिडिओ काढ, एका दमात, न कापता, आणि त्यात एसएमपीएसचं स्टिकर पण दाखव.

शिवाय ते कार्ड. जीपीयू-झेड लावलं तर शेडर युनिट (ते प्रोग्राम चालवणारे कार्डातले छोटे भाग) निघाले २०४८. खऱ्या ५८० ला २३०४ असतात. हे त्याच नावानं २०१८ ला चीनच्या बाजारात आलेलं २०४८एसपी, आतून खालच्या आरएक्स ५७० एवढंच. स्वस्तात मिळतं, चालतंही ठीक, विकायला काही हरकत नाही. जाहिरातीत "५८०" च्या पुढं "२०४८एसपी" लिहायला किती वेळ लागला असता? आणि फोन बंद करून ठेवू नकोस. पोराचा बाप तुझ्याकडं परत येणार आहे, आणि या वेळी मी पण त्याच्याबरोबर येणार आहे.