वाळा की करंज: एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

परसबागेसाठी वाळा आणि करंज यांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: गवताची तुलना झाडाशी करणेच मुळात गैर आहे, उन्हाळे कडक होत चालले असताना गवताची भलामण करणे बेजबाबदारपणाचे आहे, वाळ्याच्या मुळांविषयीची वर्णने अतिरंजित आहेत, आणि घरालगत गवताची बेटे वाढवणे म्हणजे सापांना आमंत्रण देणे आहे. शेवटी, आपल्या पुण्यातील घराच्या पश्चिमेला असलेल्या साडेतीन मीटर रुंदीच्या पट्टीत मग लावायचे तरी काय, असेही आपण विचारले आहे. त्या पट्टीविषयी शेवटी लिहितो, कारण तिचे उत्तर बाकीच्या मुद्द्यांवर अवलंबून आहे.

तुलनेबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. एक गवताच्या कुळातले, दुसरे शेंगा धरणाऱ्या कुळातले, हा फरक खराच आहे. पण एका गुंठ्याच्या, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरच्या जागेत घर, गाडी आणि पाण्याची टाकी यांची सोय झाल्यावर मातीची एखादीच पट्टी उरते, आणि तिथे काय लावायचे हे ठरवताना कुळाचा विचार कोणी करत नाही. शिवाय ही दोन्ही एकाच जागी नांदू शकत नाहीत. वाळ्याला भरपूर ऊन लागते. करंजाचा पसारा डोक्यावर आला की त्याखालचे वाळ्याचे बेट विरळ होत जाते आणि अखेर मरते. म्हणजे ज्या कोपऱ्यात आज वाळा लावू तिथे उद्या करंजाची सावली येणार असेल, तर तो वाळा तात्पुरता आहे हे लावतानाच ठाऊक असायला हवे. एकाच मातीवर दोघांचा दावा असताना त्यांची तुलना टाळायची तरी कशी?

सावलीच्या मुद्द्यावर आपल्यात वाटतो तितका मतभेद नाही. मे महिन्यात घर खऱ्या अर्थाने थंड ठेवायचे असेल तर झाडाला पर्याय नाही, हे मी मूळ लेखातही लिहिले होते. प्रश्न आहे तो झाड कुठे लावायचे हा, आणि याविषयी आपल्याकडे मोठा घोटाळा आहे. समशीतोष्ण देशांतील बागकामाची पुस्तके घराच्या दक्षिणेला पानगळीचे झाड लावायला सांगतात, आणि तो सल्ला इथे जसाच्या तसा उचलला जातो. मेच्या मध्यावर पुणे-मुंबईच्या अक्षांशांवर सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो, इतका की काही क्षण सरळ उभ्या खांबाला सावलीच राहत नाही. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही; तापतात ते छप्पर आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती, आणि त्यातही पश्चिमेची अधिक, कारण तिच्यावर ऊन येते तेव्हा हवा आधीच तापलेली असते. दक्षिणेला लावलेले झाड त्या वेळी फारसे कामाला येत नाही, आणि डिसेंबरात जे ऊन हवेसे वाटते नेमके तेच अडवते.

आता याच पश्चिमेच्या भिंतीपुढे दोन्ही वनस्पती उभ्या करून पाहू. मेच्या मध्यावर पुण्यात घड्याळात दुपारचे साधारण साडेचार वाजतात तेव्हा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर असतो. सहा मीटर उंचीच्या झाडाची सावली तेव्हा नऊ मीटरच्या पुढे जाते. म्हणजे भिंतीपासून चार-पाच मीटरवर उभे असलेले करंजाचे झाड तळमजल्याची भिंत सहज झाकते. दीड मीटर उंचीचा वाळा भिंतीपासून साठ सेंटिमीटरवर लावला, तर भिंतीचा खालचा एक मीटर आणि थोडा अधिक भाग सावलीत येतो. त्यावरची खिडकी तापतच राहते. हा फरक मी लपवलेला नाही. मात्र तोच वाळा पायथ्याच्या फरशीचे आणि मातीचे तापणे थांबवतो आणि लावल्यापासून वर्ष-दीड वर्षात हे काम करू लागतो, तर करंजाच्या सावलीसाठी अनेक वर्षे थांबावे लागते.

आपण बहावा सुचवला आहे. झाड देखणे आहे, यात वादच नाही; पण सावलीसाठी मी तो निवडणार नाही. बहावा, पळस, पांगारा, काटेसावर ही आपली देखणी देशी झाडे थंडीच्या अखेरीपासून ऐन उन्हाळ्यापर्यंत, आपापल्या वेळी, पाने टाकून फुलांवर येतात, आणि बहाव्याची ती वेळ नेमकी ऐन उन्हाळ्यातली असते. करंजाची पानगळ थंडी सरता सरता होते, लगेच पोपटी पालवी फुटते आणि मेच्या उन्हात झाड दाट, हिरवेगार उभे असते. खाऱ्या वाऱ्यात, नदीकाठी, हलक्या जमिनीत, सगळीकडे तो जगतो, मुळांवरच्या गाठींमुळे हवेतील नत्र जमिनीत आणतो, आणि सेरुलियन या निळ्या फुलपाखराच्या अळ्या त्याची पाने खाऊन वाढतात. जैवविविधतेच्या निकषावर करंज निर्विवाद सरस आहे.

त्याची किंमतही तेवढीच खरी आहे. करंज पंधरा मीटर किंवा त्याहून उंच होतो, जवळजवळ तेवढाच आडवा पसरतो, त्याची आडवी मुळे दूरवर जातात आणि त्यांवर धुमारे फुटतात. भिंतीपासून दोन मीटरवर लावलेला करंज काही वर्षांनी पन्हाळीत पाने, गच्चीवर फांद्या आणि सांडपाण्याच्या वाहिनीत मुळे घेऊन येतो, मग घरमालक कुऱ्हाड शोधू लागतो. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच झाडाची जागा निवडण्याची चूक पुढे सहजासहजी सुधारता येत नाही, तर वाळा चुकीच्या जागी लागला तर पावसाळ्याच्या तोंडावर ठोंब उपटून, फुटवे वेगळे करून तो दुसरीकडे हलवता येतो.

मुळांबद्दलची आपली शंका अर्धी रास्त आहे. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात आणि खोल, भुसभुशीत मातीत ती तीन-चार मीटरपर्यंत पोचतात. पण दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी हात-दीड हातावर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, तिथे ही मोजमापे लागू होणार नाहीत. तरीही बांधाच्या कडेची माती धरून ठेवायला तेवढी मुळे पुरतात. कर्नाटकातील गुंडलुपेट परिसरात शेतकरी फार पूर्वीपासून शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी लावत आले आहेत, आणि १९८० च्या दशकात जागतिक बँकेने मृद्‌संधारणासाठी याच गवताचा पुरस्कार केला. उतारावर आडव्या ओळीत, दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतराने फुटवे लावले की त्यांची सलग भिंत होते. वाहते पाणी तिथे संथ होते, गाळ मागे साचतो आणि हळूहळू पायरी तयार होते. कोकणातल्या जांभ्याच्या उतारावर सुटे, एकेकटे झाड लावून हे काम होत नाही, कारण दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेतून माती वाहतच राहते. मात्र अख्खा डोंगरच खचतो, तिथे वरच्या थरातली मुळे, मग ती गवताची असोत की झाडाची, काही करू शकत नाहीत. वाळा लावला म्हणून दरडीखालचे घर सुरक्षित झाले, असे कोणी समजू नये. आणखी एक सांगायचे म्हणजे, माठात टाकायला मुळ्या हव्यात म्हणून उतारावरचा वाळा खणून काढू नये; त्यासाठी वेगळा वाफा करावा, कारण मुळे काढली की उतार पुन्हा उघडा पडतो.

सापांविषयी थोडक्यात. दाट बेटाखाली उंदीर राहू लागले तर साप येऊ शकतो, हे लाकडाच्या ढिगाऱ्यालाही तितकेच लागू आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, बेट गुडघ्याच्या खाली छाटावे, वाळलेली पाती काढून झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालावीत आणि दाराच्या वाटेलगत वाळा लावू नये. हल्ली रोपवाटिकांत शोभेसाठी विकले जाणारे फाउंटन ग्रास आफ्रिकेतून आलेले आहे आणि वाऱ्यावर बी उधळते, त्याबद्दल मात्र कोणी तक्रार करत नाही, याचे मला नवल वाटते.

आता आपली पट्टी. साडेतीन मीटर रुंदीत करंज बसत नाही, हे आपल्या मनाला पटले नाही तरी मोजपट्टीला पटेल. तिथे बकुळ लावावी: सदाहरित, पानांनी दाट, छाटणी सोसणारी आणि आपल्याच सह्याद्रीतली. ती घराच्या भिंतीपासून सव्वादोन मीटरवर असावी. बकुळ फार सावकाश वाढते, तोवर भिंतीपासून साठ सेंटिमीटरवर वाळ्याची एक ओळ असू द्यावी. बकुळ आणि वाळा यांत दीड मीटरहून अधिक अंतर राहिल्याने कोवळ्या रोपाच्या पाण्याची ओढाताण होणार नाही. पुढे बकुळीची सावली पडू लागून वाळा विरळ झाला की त्यातले जोमदार फुटवे काढून, आपण लिहिल्याप्रमाणे दर पावसाळ्यात माती वाहून जाते त्या मागच्या अंगणाच्या उतारावर, आडव्या ओळीत लावावेत.