विश्वशांती म्हटलं की मला वर्षातून दोनदा येणारी एक यादी आठवते

माझं वय एकवीस, गाव डहाणू तालुक्यातलं, आणि जगात शांतता नांदू शकते यावर माझा मनापासून विश्वास आहे. "अजून लहान आहेस, पुढे कळेल" असं म्हणणारी मोठी माणसं आमच्या घरातच आहेत. त्यांचा मान राखून सांगते, हा विश्वास मला भाषणं ऐकून मिळालेला नाही.

दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान आपापल्या तुरुंगांतल्या एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. दिल्लीत आणि इस्लामाबादेत, एकाच वेळी. २००८ च्या करारात तसं ठरलंय. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. आमच्याकडे त्या शोधून वाचल्या जातात, कारण डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे कितीतरी पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळ्यातलं एक भाताचं पीक सोडलं तर इथे हाताला फारसं काम नाही. मग पोरबंदर, ओखा, वेरावळ. मालकाकडून घेतलेली उचल घरात आधीच खर्च होते आणि माणूस महिनोन् महिने समुद्रावर.

कच्छच्या सीमेवरच्या सर क्रीक या खाडीचा वाद सुटलेला नाही, त्यामुळे तिथून पुढची सागरी हद्द दोन्ही देशांनी मिळून कधी आखलेलीच नाही. मासळीच्या मागे जाता जाता किंवा इंजिन बंद पडून बोट वाहत गेली, की पाकिस्तानची गस्ती बोट येते. बोट जप्त, खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात.

ओळखीतल्या एका वहिनींकडे पोलीस आले होते, कागद मागायला. रेशनकार्ड, आधार आणि नवऱ्याचा फोटो. तो भारताचाच आहे याची खात्री पटल्याशिवाय सुटका होत नाही. घरात लग्नातला एकच फोटो होता. हळद लागलेला तो चेहरा मोबाईलवर कापून घेऊन मी प्रिंट काढून दिली. नवरा तिकडे अडकलेला, उचल तशीच अंगावर, म्हणून वहिनी चिकूच्या वाडीत मजुरीला जायला लागल्या. करार म्हणतो, तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांची भेट व्हायला हवी. शिक्षा संपली आणि ओळख पटली की महिन्याभरात सुटका. प्रत्यक्षात वर्षं जातात. आमच्या तालुक्यात तर तिकडून मृतदेह आलाय.

आणि हे एकाच बाजूला होत नाही. जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात आपले २१७ मच्छीमार होते, आपल्या ताब्यात त्यांचे ८१. कराचीजवळच्या इब्राहिम हैदरीतही मच्छीमारांचीच वस्ती आहे. तिथल्या बायकाही अशाच कुणाच्या तरी हातून फोटोच्या प्रिंट काढून घेत असतील. त्यांच्याविषयी मला राग वाटत नाही, वाटणारही नाही.

मग आशा कसली? सांगते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला निष्पाप माणसं मारली गेली. मे महिन्यात चार दिवस दोन्ही देश लढले. व्हिसा रद्द, अटारीची वाट बंद, सिंधू जलकरार स्थगित. ७ मेच्या मॉक ड्रिलसाठी निवडलेल्या ठिकाणांत आमचं तारापूर होतं. त्या रात्री घरात कुणाला झोप आली नाही. अणुवीज केंद्राच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना युद्ध म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि तरीही १ जुलैला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. ठरलेल्या दिवशी. आपल्या मच्छीमारांचा आकडा आता १९३ होता.

१ जानेवारीला आणखी एक यादी जाते, अणुकेंद्रांची. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ ला केला. १९९२ पासून ही यादी दरवर्षी जातेय. कारगिलच्या वर्षात गेली, पुलवामानंतरही गेली. अणुवीज केंद्रं या करारात येतात, म्हणजे तारापूरही आलं. एकमेकांवर काडीचा भरवसा नसलेल्या दोन सरकारांनी एवढा एक शब्द तीस वर्षांहून जास्त पाळलाय, आणि त्याच्या आधारावर माझं गाव उभं आहे. युक्रेन, गाझाच्या बातम्या बघून माझ्या वयाची मुलं जेव्हा म्हणतात की करारबिरार सगळं खोटं असतं, तेव्हा मी त्यांना हे सांगते.

म्हणून माझं मागणं अगदी ठरावीक आहे. चुकून हद्द ओलांडणाऱ्या मच्छीमाराला तुरुंगात टाकू नका, समज देऊन परत पाठवा. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या कलम ७३ मध्ये लिहिलंय, दोन देशांत वेगळा करार नसेल तर विशेष आर्थिक क्षेत्रातल्या (म्हणजे किनाऱ्यापासून बारा ते दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातल्या) मासेमारीच्या गुन्ह्याला कैदेची शिक्षा देता येत नाही. भारताने हा कायदा १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्तानने १९९७ मध्ये. दुसरं, कैद्यांसाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती २००७ मध्ये ठरली होती. ते न्यायाधीश तुरुंगात जाऊन कैद्यांना स्वतः भेटायचे. त्यांची शेवटची भेट २०१३ सालची. तेव्हा मी शाळेत होते! ती समिती पुन्हा बसवायला एक गोळीही लागत नाही आणि कुणाची एक इंच जमीनही जात नाही.

पालघरचे असाल, मुंबईचे असाल, कुठलेही असाल, आपल्या खासदारांना एवढं एक पत्र लिहा: ही समिती पुन्हा कधी बसणार? मी लिहिलंय. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, लगेच पाठवते.