वर्दी कितव्या वर्षी उतरवणार?

पुतण्या एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा पास झालाय, आता एसएसबीची, म्हणजे फौजेच्या निवड मंडळापुढच्या मुलाखतीची तयारी करतोय. परवा धाकट्या भावाने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, उद्या त्याने फौज सोडली तर त्या डिग्रीला बाहेर कोण विचारणार?"

मी २१ वर्षं वर्दीत काढली, त्यामुळे भावाची काळजी कळते. पण माझ्या मते आपण डिग्रीपाशी उगाच अडकतो. ब्रिटिश लष्कराच्या सँडहर्स्ट अकॅडमीचा मुख्य कोर्स ४४ आठवड्यांचा, बहुतेक जण पदवी घेऊनच तिथे येतात. अमेरिकी लष्कराच्या वेस्ट पॉइंट अकॅडमीत चार वर्षांत पदवी. एनडीएत तीन वर्षं, जेएनयूची पदवी आणि पुढे डेहराडून (लष्कर), एझिमला (नौदल) किंवा डुंडिगलचं (हवाई दल) प्रशिक्षण. खरं सांगायचं तर एनडीएत पुस्तकी अभ्यास मागेच पडतो. पहाटेपासून रगडा खाल्लेला कॅडेट वर्गात बसला की पाच मिनिटांत डोळा लागतो, माझाही लागायचा.

नोकरी शोधताना आडवं येतं ते वय. वेस्ट पॉइंटच्या पदवीधराला पाच वर्षं सक्रिय सेवेचं बंधन असतं. पुढे राखीव दलात नाव राहतं, पण तिशीच्या आत तो एमबीएला जाऊ शकतो. आपल्याकडे अधिकाऱ्याला पेन्शनसाठी २० वर्षं भरावी लागतात. बाविशीच्या आसपास कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) मिळतं, म्हणजे बेचाळिशी आलीच. तेव्हा घरात शिकणारी मुलं असतात आणि मुलाखत घेणारा आपल्याहून दहा वर्षांनी लहान असतो. शॉर्ट सर्व्हिसमध्ये, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच अधिकारी होण्याच्या वाटेत, पेन्शन नाही, पण दहा किंवा फार तर १४ वर्षांनी माणूस मोकळा होतो.

मी बाहेर पडलो तेव्हा माझ्या सीव्हीत एक ओळ होती: 'अतिउंचावरील युनिटमध्ये क्वार्टरमास्टर.' मुलाखत घेणाऱ्याने ती वाचली न वाचल्यासारखी केली आणि विचारलं, "तुम्हाला ऑर्डर द्यायची सवय, इथे जमेल का?" फार लागलं ते. घरी येऊन बहिणीला सांगितलं. ती एका कंपनीत पुरवठ्याचं काम बघते. म्हणाली, "क्वार्टरमास्टर म्हणजे तू नेमकं करायचास काय?"

मी सांगत गेलो. खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत हिवाळाभराचं रेशन, केरोसीन, औषधं वर पोचवायची. ट्रक कुठपर्यंत, खेचरं कुठपर्यंत, त्यापुढे पाठीवर किती ओझं, सगळा हिशोब आधीच मांडायचा. एका पोस्टचं केरोसीन कमी पडलं तर ते बर्फ वितळेपर्यंत कमीच. तिने ती ओळ खोडली आणि हे सगळं माणसं, टन आणि दिवसांच्या आकड्यांत लिहून काढलं. पुढच्या मुलाखतीत अर्धा तास फक्त त्यावरच बोलणं झालं, आणि नोकरी मिळाली.

हे काम मला अकॅडमीच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. पण जबाबदारी अंगावर आली की पळायचं नाही, हे तिथेच अंगात मुरलं. म्हणून भावाला स्पष्ट सांगितलं: मुलाला तिशीत कॉर्पोरेटमध्येच जायचं असेल तर एनडीए त्याची वाट नाही, आधी बाहेर पदवी घेऊन शॉर्ट सर्व्हिसला जाऊ दे. फौजेसाठीच जायचं असेल तर बिनधास्त पाठव. मात्र निवृत्तीआधी रिसेटलमेंटतर्फे (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) आयआयएममध्ये होणाऱ्या सहा महिन्यांच्या कोर्सवर सगळी भिस्त ठेवायची नाही. सेवेची १५ वर्षं झाली की आपण केलेलं काम साध्या भाषेत लिहून ठेवायला लागायचं.

पुतण्या दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "काका, मला पायदळात जायचंय." भाऊ अजून काही बोललेला नाही. उद्यापासून पुतण्या आणि मी पहाटे पळायला जाणार आहोत.