पिवळ्या त्रिकोणाने खाल्लेला रविवार

कुणी सांगितलं होतं मला शहाणपणा करायला! २०१८ चा लॅपटॉप, मुकाट चालत होता बिचारा. पण विंडोज १० चे मोफत सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आठव्या पिढीचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सगळं नियमात बसत होतं. म्हटलं, टाकू ११. टाकलं. आणि वायफाय गेलं.

डिव्हाइस मॅनेजर उघडला तर वायफाय कार्डावर पिवळा त्रिकोण. आत ‘कोड १०’, म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. अरे, ते मलाही दिसतंय! का होत नाही ते बोल ना! ‘रोल बॅक ड्रायव्हर’चं, म्हणजे कार्ड चालवणारं आधीचं सॉफ्टवेअर परत आणायचं, बटण करडं, दाबताच येईना. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. शेवटी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग केलं, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवर शेवटचा ड्रायव्हर २०१९ चा. त्यानंतर आमचं मॉडेल वारलं बहुतेक, कळवायची तसदी कोण घेतो! हेल्पलाइनवाला म्हणतो चिपवाल्यांना विचारा, चिपवाले म्हणतात लॅपटॉपवाल्यांचाच ड्रायव्हर वापरा. पैसे मोजले मी, आणि टोलवाटोलवी यांची.

बरं, तो २०१९ चाच टाकला. चाललं! रीस्टार्ट केलं, परत त्रिकोण. असं चार वेळा. मग डोक्यात प्रकाश पडला: दोन ड्रायव्हर कार्डाला सारखेच जुळत असले की ज्याची तारीख नवी, तो गादीवर. त्याला काम येतं का, हे कोण बघतंय! अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरची फाइलही काढून टाकायचा एक इवलासा चौकोन असतो. त्यावर मी टिक केली नव्हती, म्हणून तो नव्या तारखेचा मेला आतच दबा धरून बसलेला.

मोबाइलची केबल उपटली. पीएनपीयूटिल या विंडोजच्याच कमांडने ड्रायव्हरांची यादी काढली, ‘ओईएम४२.आयएनएफ’ हे नाव धारण करणारा तो हरामखोर मुळासकट काढला, जुना बसवला, ड्रायव्हर आपोआप उतरवायची सेटिंग बंद केली. रात्रीचे पावणेदोन.

सकाळी आई म्हणते, “चांगला चालत होता ना? मग कशाला हात लावलास?”

झाकणावर चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलंय, ‘रीस्टार्ट करू नये’. आणि हो, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होत नाहीये. मी बघणार नाहीये. माउस आहे घरात.